धाब्याचा कठडा आणि आपली शिडी



या तिमाहीचा पाठ अनुवाद 22:8 या एकाच वचनावर आहे. नवे घर बांधणाऱ्याला तेथे आज्ञा आहे की त्याने धाब्याला कठडा करावा. वरून कोणी पडला तर दोष घरावर येतो. त्या काळी धाबा रोजच्या वापरातला होता. लोक तेथे बसत, झोपत, ताटे वाळत घालीत. पडणारा सावध होता का, हे वचन विचारत नाही. मालकाने आधी काय केले, एवढेच विचारते.

आपल्या पाड्यांवर याच प्रश्नाची गाठ पडते. भातकापणी उरकली की जव्हार-मोखाड्याचे कितीतरी वारली, कोकणा, कातकरी बांधव वसई-विरार, ठाणे, भिवंडीकडे कामाला निघतात आणि होळीला परततात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर बिगारी म्हणून. अशाच एका पाड्यावर मी एका तरुणाला भेटलो. घमेले घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढताना त्याची शिडी खालून सरकली. सोबत्यांनी घाईने हातपाय धरून उचलले आणि रिक्षात बसवले. कण्याला मार बसलेला; आज तो खाटेवर आहे. मुकादमाने गाडीभाडे दिले. हजेरीच्या वहीत त्याचे नावच नव्हते, म्हणून पुढे काही मागता आले नाही. घरी बायको आणि दोन लेकरे आहेत.

यातले बरेचसे टाळता येते. शिडी 12 फूट उंचीवर टेकवायची असेल, तर तिचा पाया भिंतीपासून 3 फूट दूर हवा. म्हणजे उंचीच्या चौथा हिस्सा. वरचे टोक स्लॅबच्या 3 फूट वर यावे आणि दोरीने बांधावे. चढताना दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय, शिडीला लागलेले असावेत. म्हणून घमेले हातात घेऊन चढू नये. ते दोरीने वर ओढावे. जास्त वेळचे काम असेल, तर कठड्याची परांची बांधावी.

कोणी पडलाच, तर त्याला उठवू-बसवू नका. मान व पाठ हलू न देता 108 ला फोन करा. पाणी पाजू नका.

कागदही कठड्यासारखाच आहे. 1996 साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला आणि बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर बसला. त्या पैशातून राज्याचे कल्याणकारी मंडळ कामगारांना मदत देते. पण नाव नोंदलेले असावे लागते. त्यासाठी वय 18 ते 60 आणि मागील 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. पाड्यावरून निघण्याआधीच आधार व बँकेचे पासबुक तयार ठेवावे, आणि कामावर पहिल्या दिवसापासून हजेरी लिहून घ्यावी, हे आम्ही आता प्रत्येक भेटीत सांगतो.

तुम्हांपैकी अनेकांच्या घरी यंदा रंगकाम, पत्रे किंवा वरचा मजला होईल. तेव्हा त्या घराचे मालक तुम्हीच असाल.

मंडळीत चर्चेसाठी:
1. आपल्या घरी शेवटचे काम झाले तेव्हा शिडी कोणी धरली होती?
2. त्या कामगाराचे नाव आपल्याला माहीत होते का?
3. चर्चच्या पुढील बांधकामात ठेकेदाराशी ठरवताना परांची, हेल्मेट व कमरेचा पट्टा यांचा खर्च आपण वेगळा धरू का?