इंजिनाचे छायाचित्र

गारगोटीला आगगाडी येत नाही. वेदगंगेच्या काठी वसलेल्या या गावातील मुलाला रूळ पाहावयाचे असतील, तर एस. टी.त बसून कोल्हापूर गाठावे लागते. मी नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांचे बोट धरून असाच कोल्हापूरच्या स्थानकात प्रथम उभा राहिलो. मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. तो मीटरगेजचा होता. म्हणजे त्याच्या दोन रुळांत एक मीटर अंतर असे. १९७१ मध्ये तेथे १.६७६ मीटर रुंदीचे ब्रॉडगेजचे रूळ आले. मी पाहिली ती गाडी त्याआधीची, वाफेच्या इंजिनाची. इंजिनाजवळ जाताच अंगावर आलेली धग आणि डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण मला अजून आठवतो. पण त्या इंजिनाचा क्रमांक काय होता, डब्यांचा रंग कोणता होता, हे पुष्कळ प्रयत्न करूनही मला आठवत नाही. त्या दिवशी आमच्याजवळ कॅमेरा नव्हता. असता तरी रोजच्या गाडीचे छायाचित्र घ्यावे, असे कोणाला वाटले असते?

वाफेच्या इंजिनाची जागा घेणारे डिझेल इंजिन भारतात कसे रुजले, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील ‘अल्को’ नावाच्या कंपनीने तयार केलेल्या आराखड्याची इंजिने १९६२ पासून आपल्याकडे येऊ लागली. लगेच बनारसच्या कारखान्यात ती आपल्या कामगारांकडून घडू लागली, आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथील पहिले इंजिन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्राच्या सेवेत रुजू झाले. त्याचे नाव ‘डब्ल्यूडीएम-२’. यातील पहिले अक्षर ब्रॉडगेजसाठी, दुसरे डिझेलसाठी आणि तिसरे प्रवासी व माल या दोन्ही कामांसाठी. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, सहा आस आणि सुमारे ११३ टन वजन असा त्याचा थाट होता. पुढे याच घराण्यात ३१०० अश्वशक्तीची भावंडेही जन्मली. गंमत अशी की, मूळची अमेरिकन कंपनी १९६९ मध्ये बंद पडली. परंतु तिच्या आराखड्याचे हे इंजिन आपल्याकडे १९९८ पर्यंत तयार होत राहिले. अडीच हजारांहून अधिक इंजिने झाली. आईबापांमागे एखाद्या मुलाने परमुलखात मोठा संसार थाटावा, तसेच हे झाले.

मुलांनो, डिझेल इंजिनाची चाके डिझेलच्या यंत्राने थेट फिरतात, असे तुम्हांस वाटत असेल. पण तसे नाही. डिझेलवर चालणारे यंत्र आधी वीज निर्माण करते, आणि ती वीज चाकांच्या आसांवर बसविलेल्या मोटारींना पुरविली जाते. म्हणजे हे इंजिन स्वतःचे वीजघर पोटात घेऊन धावते! उलट, विजेच्या इंजिनाला हे ओझे वाहावे लागत नाही. रुळांवर ताणलेल्या तारेतून ते वीज घेते. परदेशातून विकत आणावे लागणारे तेल वाचावे, म्हणून आपल्या लोहमार्गांवर अशा तारा झपाट्याने पसरल्या. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. पुणे, मिरज, कोल्हापूर या आमच्या मार्गावरही तारा आल्या. डिझेल इंजिन साधारणपणे ३६ वर्षे सेवेत ठेवावे, असा रेल्वेचा हिशेब असतो. पण तारा आल्या की पुष्कळ इंजिनांना त्याआधीच रजा मिळते. काही यार्डात डबे इकडून तिकडे करीत राहतात, काही अडीअडचणीसाठी राखून ठेवतात, आणि बाकीची भंगारात जातात.

आमच्या मार्गावर विजेचे खांब उभे राहू लागले, त्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी छायाचित्रांचा गठ्ठा घेऊन घरी आला. रेल्वेच्या इंजिनांची छायाचित्रे घेण्याचा त्याला नाद. मी एकेक पाहू लागलो. मावळतीचा सूर्य आणि समोरून येणारे इंजिन. तांबडे आकाश आणि समोरून येणारे इंजिन. सुंदर होती, यात शंका नाही. परंतु वीस चित्रे पाहिल्यावरही या इंजिनांविषयी मला नवे काही कळले नाही. मी तसे बोलून दाखविले नाही. एखाद्या रविवारी मलाही बरोबर ने, एवढेच म्हणालो.

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. पंचगंगेवरच्या रेल्वेपुलाजवळचे रुकडी स्थानक त्याने निवडले होते. रुळांवर उतरावयाचे नाही, असा त्याचा नेम होता. विनापरवाना रुळांवर जाणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जीव एकच असतो. फलाटाच्या कडेपासून चांगले मागे आम्ही उभे राहिलो. तेथे एक निवृत्त इंजिनचालक पेन्शनीच्या कामासाठी मिरजेस निघालेले भेटले. ‘पुढनं सगळी इंजिनं सारखीच दिसत्यात, गुरुजी,’ ते म्हणाले. ‘गाडी सुटताना बघा. तवा त्याचा जीव कळतोय.’

त्यांचे म्हणणे किती खरे होते, ते अर्ध्या तासात पटले. आमच्यासमोर सवारी गाडी येऊन थांबली. चालकाने सुरुवातीची सूचना मिळताच हँडल पुढच्या खाचेत टाकले, आणि इंजिनाच्या पाठीतून काळाभोर धूर उसळला. हा धूर का येतो, तेही आजोबांनी सांगितले. हँडल पुढे सरकताच सिलिंडरांत जास्त तेल जाते. पण त्याला लागणारी जास्त हवा लगेच मिळत नाही. ती हवा दाबून पुरविणारा पंखा इंजिनाच्याच उष्ण वायूंवर फिरतो, आणि त्याला वेग घ्यावयास काही क्षण लागतात. तेवढा वेळ तेल अपुरे जळते व काजळी बाहेर पडते. पंख्याने वेग घेतला की धूर निवळतो. काळा धूर हा प्रदूषणाचा आहे, त्याचे कौतुक करू नये, हे मी जाणतो. पण शेकडो टनांची गाडी जागची हलविताना त्या यंत्राला पडलेले श्रम त्या चार क्षणांत डोळ्यांना दिसले, हेही खरे.

परत येताना आम्ही हिशेब मांडला. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारे इंजिन एका सेकंदात २० मीटर जाते. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात इंजिन ४० सेंटिमीटर सरकते आणि चित्र पुसट येते. हजारावा भाग उघडा ठेवला, तर ते केवळ २ सेंटिमीटर सरकते. तुम्हीही हा हिशेब वहीत करून पाहा.

याच उद्योगाला वाहून घेतलेला एक छायाचित्रकार अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव ओ. विन्स्टन लिंक. ‘नॉरफोक अँड वेस्टर्न’ या रेल्वेवरची वाफेची इंजिने जाऊन डिझेल इंजिने येणार, हे कळताच १९५५ पासून पाच वर्षे तो त्या मार्गावर फिरत राहिला. तो बहुधा रात्री काम करी. कारण सूर्य आपण हलवू शकत नाही, पण दिवे हवे तेथे मांडता येतात, असे त्याचे मत होते. अनेक फ्लॅशबल्ब तारांनी जोडून एकाच क्षणी पेटवावे आणि धावते इंजिन टिपावे, ही त्याची रीत. परंतु मला त्याची थोरवी वेगळ्याच गोष्टीत वाटते. त्याच्या चित्रांत इंजिन पुष्कळदा मागे असते. पुढे कोणी नदीत डुंबत असतो, कोणी घराच्या ओसरीवर बसलेला असतो. इंजिनाबरोबर लोकांचे जगणेही त्याने टिपले. आणि पाहा, ज्या डिझेल इंजिनांमुळे त्याची वाफेची इंजिने गेली, त्यांच्याच निरोपासाठी आज माझा विद्यार्थी धावपळ करीत होता.

लिंकची ही हकीकत मी त्याला सांगितली. तो काही बोलला नाही. परंतु त्यानंतरची त्याची छायाचित्रे बदलली. इंजिनाच्या पायरीवर चालकांच्या बुटांनी झिजून चकाकलेला लोखंडाचा भाग त्याने टिपला. बाजूवर रंगविलेले शेडचे नाव, खिडकीतून बाहेर टेकलेले चालकाचे कोपर, उसाच्या शेताआडून दिसणारा नुसता धूर, आणि फाटकापाशी सायकल धरून गाडी जाण्याची वाट पाहणारा शेतकरी, अशी चित्रे येऊ लागली. प्रत्येक चित्रामागे तो शिसपेन्सिलीने इंजिनाचा क्रमांक, तारीख, स्थानक आणि गाडीचे नाव लिहू लागला. पेनाची शाई कागदातून पुढे उमटते, म्हणून शिसपेन्सिल. ही शिस्त मात्र मी लावली, एवढे श्रेय मला घेऊ द्या.

एक इंजिन मात्र हुकले. त्याच्या समोरच्या पत्र्याला एका कोपऱ्यात पोचा होता, त्यामुळे आम्ही ते दुरून ओळखत असू. पुढच्या आठवड्यात नीट टिपू, असे म्हणत दोन महिने गेले. मग ते दिसेनासे झाले. कोठे गेले, कोणास ठाऊक! विद्यार्थ्याजवळ त्याचे एकच चित्र आहे, तेही त्या पहिल्या गठ्ठ्यातले, तांबड्या आकाशापुढचे. इंजिन अंधारात असल्याने पोचा त्यात दिसत नाही.

त्याने दिलेली चित्रे मी एका वहीत चिकटविली आहेत. त्यांतील एकात हातकणंगल्याच्या पुढे गाडी वळण घेत आहे आणि रुळांशेजारी नवे खांब एका ओळीत उभे आहेत. तारा अजून ताणलेल्या नाहीत. वहीचे पहिले पान मी रिकामे ठेवले आहे. त्यावर खाली एवढेच लिहिले आहे : ‘मीटरगेजचे वाफेचे इंजिन. कोल्हापूर, १९६९ किंवा १९७०. क्रमांक –’