सापडलेला मोबाईल आणि अस्तेयाचा विचार

सापडणे आणि चोरणे ह्या दोन क्रिया लोकव्यवहारात वेगळ्या मानल्या जातात. चोरणाऱ्याचा हात दुसऱ्याच्या खिशात जातो, सापडणाऱ्याचा हात रस्त्यावरच्या धुळीत जातो. म्हणून ज्याला वस्तू सापडते त्याच्या मनात अपराधाची भावना प्रथम नसतेच. उलट नशीब उघडल्याचा आनंद असतो. ‘देवाने दिले’ असे म्हणणारेही आहेत. देवाने दिले खरे, पण कोणाचे दिले, एवढे विचारायला तो गृहस्थ थांबत नाही.

सांप्रत हा प्रसंग मोबाईलच्या बाबतीत वारंवार येतो. एस.टी.च्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, आठवड्याच्या बाजारात फोन राहतो. आषाढीच्या वाटेवर तर विचारूच नका. फलटणच्या किंवा वाखरीच्या मुक्कामी एखाद्या म्हाताऱ्या माउलीच्या पिशवीतून फोन पडला, तर नुसता फोन हरवत नाही, ती माउलीच हरवते. दिंडीवाल्याचा नंबर तिला पाठ नसतो, तो त्या फोनात असतो. पूर्वी माणसे गावाचे आणि दिंडीचे नाव विचारीत विचारीत पोहोचत. आता सगळी भिस्त त्या एका डबीवर. असो.

तेव्हा असा फोन ज्याला सापडला आणि ज्याने तो ठेवून घेतला, त्याचे काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

येथे कोणी शंका घेईल की, ‘महाराज, मी काही कोणाच्या खिशातून काढला नाही. मालक कोण ते मला ठाऊक नाही. मी उचलला नसता तर दुसऱ्याने उचलला असता. मग मी चोर कसा?’ शंका चांगली आहे, आणि आजची नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनी हरवलेल्या वस्तूचा विचार फार बारकाईने केलेला आहे. गौतमाच्या धर्मसूत्रात दहाव्या अध्यायात सांगितले आहे की, ज्याचा धनी ठाऊक नाही अशी वस्तू सापडली तर ती राजाला कळवावी. राजाने तिची प्रसिद्धी करून एक वर्ष सांभाळावी. त्यानंतरही धनी आला नाही, तर चौथा हिस्सा सापडणाऱ्याला आणि बाकीचे राजाला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेत विज्ञानेश्वराने हिशेब आणखी खोलात नेला आहे. धनी पहिल्या वर्षात आला तर राजाने वस्तू पूर्ण परत द्यायची. दुसऱ्या वर्षी आला तर सांभाळण्याबद्दल बारावा हिस्सा ठेवायचा, तिसऱ्या वर्षी दहावा, चौथ्यापासून पुढे सहावा, आणि बाकीचे धन्याच्या हाती द्यायचे. राजाच्या हिश्श्यातला चौथा भाग सापडणाऱ्याचा.

ह्या व्यवस्थेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट कोणती? चौथ्या हिश्श्याकडे आपले लक्ष लगेच जाते. मनुष्यस्वभाव आहे. परंतु त्याच्या आधीचा शब्द पाहा. कळवावे. सापडल्यावर पहिली क्रिया उचलण्याची नव्हे, सांगण्याची आहे. वर्षभर सांभाळणे, हिस्सा मिळणे हे सगळे त्या सांगण्याच्या मागून येते. ज्याने सांगितलेच नाही, त्याच्यासाठी शास्त्रात हिस्सा नाही. आपल्या खेड्यांतूनही वाट चुकलेले जनावर कोणी आणून बांधले तर चावडीवर वर्दी जाई, दवंडी पिटली जाई. न सांगता गोठ्यात बांधून ठेवणाऱ्याला गाव काय म्हणे, ते मी येथे लिहीत नाही.

आता राजाच्या जागी सरकार आहे. सरकारचा कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण पुष्कळांचा समज असा की सापडलेल्या वस्तूला कायदा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तोच विषय कलम ३१४ मध्ये आहे. कायद्याच्या भाषेत ह्याला चोरी म्हणत नाहीत, ‘अपहार’ म्हणतात. शिक्षा मात्र आहे. पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही असे होते. आता कैद किमान ६ महिने, जास्तीत जास्त २ वर्षे, आणि शिवाय दंड.

गंमत अशी की, कायदा लिहिणाऱ्यांनीही ह्या ठिकाणी आमच्या कीर्तनकारांसारखे दृष्टांत दिले आहेत. रस्त्यात एक रुपया सापडला, कोणाचा ते ठाऊक नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पत्रात घातलेली नोट सापडली आणि पत्रावरून मालक कळला, तरी ठेवून घेतली, तर गुन्हा. किमती अंगठी सापडली, मालक ठाऊक नाही, पण शोध घेण्याचा काही प्रयत्न न करता ताबडतोब विकली, तर गुन्हा. कायदा स्पष्ट म्हणतो की, परत देण्यासाठी किंवा सांभाळण्यासाठी उचलणे हा अपराध नव्हे. मालक ठाऊक असताना, किंवा त्याला शोधण्याचे साधन हाताशी असताना, किंवा योग्य तो प्रयत्न करून वाजवी काळ वाट पाहण्यापूर्वीच वस्तू आपलीशी केली, की अपराध झाला. काही काळापुरती अप्रामाणिकपणे वापरली तरी तोच अपराध. ‘देणारच होतो, पण तोवर वापरला’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

आता हे दृष्टांत मोबाईलला लावून पाहा. मोबाईल हा रुपयासारखा की पत्रासारखा? रुपया मुका असतो. तो कोणाचा हे तो सांगत नाही. अंगठीही मुकी असते. मोबाईल मुका नाही. तुम्ही तो हातात घेऊन दहा पावले जात नाही तोच तो वाजू लागतो. पडद्यावर ‘आई’ असे नाव येते, नाहीतर ‘घर’. मालक स्वतः तुमच्या तळहातावर हाक मारीत असतो. जगात हरवलेल्या वस्तू पुष्कळ झाल्या, पण धन्याला स्वतःहून बोलावणारी वस्तू बहुधा हीच. तेव्हा ‘मालक ठाऊक नाही’ ही शंका येथे उरतच नाही.

मग माणूस करतो काय? बाजूचे बटण दाबतो आणि फोन बंद करतो.

माझ्या मते सगळ्या विषयाचे वर्म ह्या एका क्षणात आहे. उचलताना तो निर्दोष होता. खिशात ठेवतानाही निर्दोष असेल, गर्दीत तुडवला जाऊ नये म्हणून ठेवला असेल. परंतु बटण दाबताना त्याला मालक आहे हे ठाऊक होते, तो शोधतो आहे हेही ठाऊक होते, आणि त्याने ती हाक बंद केली. पुढे तो कार्ड काढून गटारात टाकतो, दुकानात नेऊन कुलूप काढून घेतो, ते सगळे त्या बटणाच्या मागोमाग आले. शास्त्राने ‘सांगावे’ म्हटले, ह्याने सांगणाऱ्याचे तोंड दाबले.

योगसूत्रावरील व्यासभाष्यात स्तेयाची व्याख्या आहे. तिचा भावार्थ असा की, शास्त्राने जी रीत सांगितली ती सोडून दुसऱ्याचे द्रव्य स्वीकारणे म्हणजे स्तेय. खिशातून की रस्त्यावरून, हा भेद तिच्यात नाही. कायद्याकडे दोन शब्द आहेत, भाष्यकाराकडे एकच. आणि पुढे तो असेही सांगतो की, अस्तेय म्हणजे नुसते न घेणे नव्हे, त्या वस्तूची स्पृहाच नसणे. इतके आपल्याच्याने लगेच होणार नाही. पण निदान बटण दाबू नये, इतके तर होईल?

एका ओळखीच्या गृहस्थांची हकीकत सांगतो. माळकरी माणूस, कोणाच्या बांधावरची काडी न उचलणारा. २०२३ च्या दिवाळीत ह्यांना एस.टी. स्थानकावर एक चांगला फोन सापडला. वाजला. ह्यांनी बंद केला. सात महिने तो ट्रंकेत कपड्यांखाली राहिला. जूनमध्ये भाची अकरावीला गेली. बहिणीची परिस्थिती बेताची. ह्यांनी फोनचे कुलूप काढवून तो भाचीला दिला, ‘मामाकडून’ म्हणून. पोरीने आपले कार्ड घातले. रेंज येईना, म्हणून तिने ते कार्ड पुन्हा आईच्या फोनात घातले. आठव्या दिवशी त्या नंबरावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला.

हे कसे झाले ते समजून घ्यावे, कारण ‘कार्ड फेकले की पुरावा संपला’ असे पुष्कळांना वाटते. कार्ड निराळे आणि यंत्र निराळे. प्रत्येक यंत्राला आयएमईआय नावाचा १५ अंकी क्रमांक असतो, दोन कार्डांच्या फोनाला असे दोन असतात. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो पडद्यावर दिसतो. बैलाच्या अंगावर डाग द्यावा तसा हा डाग. दावे बदलले म्हणून तो जात नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याने ह्या क्रमांकांची एक मध्यवर्ती नोंदवही केली आहे, तिला सीईआयआर म्हणतात. तिचा आरंभ २०१९ च्या सप्टेंबरात आपल्या मुंबईतच झाला, आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’ ह्या नावाने ती सबंध देशाला खुली झाली. ज्याचा फोन हरवला तो पोलिसांत तक्रार देतो, तिची प्रत जोडून नोंदवहीत क्रमांक अडवायला सांगतो. मग देशातील कोणत्याही कंपनीचे कार्ड त्या यंत्रात घाला, ते घातल्याची खबर उमटते, आणि कार्ड कोणाच्या नावाचे आहे तेही कळते.

म्हणजे खबर गेली ती पोरीच्या कार्डाची. सोळा वर्षांची मुलगी, पोलिसांचा आवाज ऐकून ती दोन दिवस जेवली नाही. सापडला मामाला, बंद केला मामाने, आणि बोलावणे आले भाचीला. कायद्यात अपहार केलेली वस्तूही ‘चोरीचा माल’ ह्याच सदरात येते. ती जाणूनबुजून घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. पोरीला काही ठाऊक नव्हते म्हणून ती सुटली, पण हे पोलिसांना पटेपर्यंत तिच्या आईने ठाण्याच्या पायऱ्या चढल्याच. बहीण भावाला एवढेच म्हणाली, “दादा, तुझा जुना दिला असतास तरी चाललं असतं रे.”

मामा स्वतः फोन घेऊन त्या ठाण्यावर गेले. तेथे मालकीण आली होती, एक अंगणवाडी मदतनीस. तिने फोन उघडून पाहिला. दुकानदाराने कुलूप काढताना आतले सगळे पुसले होते. तिच्या वडिलांनी शेवटच्या दुखण्यात पाठवलेले आवाजी निरोप त्यात होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. ती भांडली नाही. ती म्हणाली, “फोन राहू द्या हो. माझ्या बापाचा आवाज कुठाय?”

गृहस्थ मला हे सांगताना रडले, आणि विचारू लागले, “महाराज, मी चोर का?” मी काय उत्तर देणार! फोनची किंमत बारा हजार असेल, ती भरून देता येते. त्या आवाजाची भरपाई गौतमाच्या सूत्रात नाही आणि संहितेच्या कलमातही नाही.

दुसरी शंका अशी की, ‘परत करायला गेलो आणि माझ्यावरच आळ आला तर?’ ही भीती खोटी नाही. पण तिचा उपाय बंद करण्यात नसून उघड करण्यात आहे. जेथे सापडला तेथेच चार लोकांना सांगावे. फोन चालू ठेवावा, बॅटरी उतरली असेल तर चार्ज करावा, कार्ड काढू नये. फोन आला की उचलावा आणि आपण कोठे आहोत ते सांगावे. फोटो, निरोप उघडून पाहण्याच्या फंदात पडू नये, ते दुसऱ्याच्या घरात डोकावणे आहे. ‘माझा आहे’ म्हणून कोणी धावत आला तर लगेच सोपवू नये. स्मृतिकारांनी येथेही इशारा दिला आहे. वस्तू माझी म्हणणाऱ्याला तिचे रूप, संख्या, कोठे केव्हा हरवली हे विचारावे, आणि ज्याला सांगता येत नाही त्याला त्या वस्तूइतका दंड करावा. दंड आपण नको करायला, पण फोन उघडून दाखवायला सांगावे. खरा धनी बोट लावतो आणि फोन उघडतो.

कोणीच आले नाही, तर एस.टी.त सापडलेला वाहतूक नियंत्रकाकडे, रेल्वेतला रेल्वे पोलिसांकडे, इतरत्र सापडलेला जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावा. पोच मागून घ्यावी, मागायला लाजू नये. १८७२ च्या करार कायद्यात सापडणाऱ्याला वस्तू सांभाळण्याची जबाबदारी आहे तसा हक्कही आहे. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर ते मागता येते. जाहीर केलेच नसेल तर हक्क म्हणून मागता येत नाही. खुशीने दिलेला नारळ घ्यावा. ‘पाचशे टाका, मग देतो’ हे बोलणे मात्र माळ घातलेल्या गळ्यातून येऊ नये.

जुना फोन विकत घेणाऱ्यांनीही जपावे. तो १५ अंकी क्रमांक पाहून केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या यंत्राची नोंद कळते. पावती नाही, डबा नाही, आणि भाव निम्म्याने कमी, असा फोन कोणी देऊ लागला तर तो का देतो हे विचारावे.

राहिला प्रश्न ज्यांच्या ट्रंकेत आज असा फोन पडून आहे त्यांचा. पुष्कळ दिवस झाले, आता कोणत्या तोंडाने जाऊ, असे वाटून तो तसाच राहतो. परत केल्याने झालेला गुन्हा पुसला जातो असे कायदा म्हणत नाही, हे मी लपवीत नाही. तरी स्वतः जाणे आणि बोलावल्यावर जाणे ह्यांत अंतर आहे. गावातला एक जाणता माणूस, जमल्यास ओळखीचा वकील, बरोबर घ्यावा आणि ठाण्यात जावे. कोठे, कधी सापडला ते खरे लिहून द्यावे. मुख्य म्हणजे जाण्यापूर्वी दुकानात नेऊन कुलूप काढवू नये, काही पुसू नये. आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते. कार्ड काढून ठेवले असेल तर तेही कागदात गुंडाळून बरोबर न्यावे.