गुठळी विरघळविणारे इंजेक्शन : अपेक्षा आणि पुरावा

"हृदय बंद पडले, तेव्हा गुठळी विरघळविणारे इंजेक्शन का दिले नाही?" असे रुग्णाचे आप्त आम्हांस विचारतात. या महागड्या इंजेक्शनासाठीच देणगी देऊ इच्छिणारे हितचिंतकही असतात. प्रश्न रास्त असल्याने आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती येथे सादर करीत आहोत.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. मात्र हृदय बहुधा चालू असते. अँजिओप्लास्टी वेळेत शक्य नसल्यास हे इंजेक्शन अशा अनेक रुग्णांना जीवदान देते. हृदय पूर्णपणे थांबण्यामागेही पुष्कळदा गुठळीच असते. तेव्हा छातीवर दाब देत असतानाच हे औषध दिले तर रुग्ण वाचेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती.

तिची कसोटी युरोपातील दहा देशांत लागली. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या १,०५० रुग्णांपैकी निम्म्यांना टेनेक्टेप्लेज हे औषध व उर्वरितांना औषधविरहित द्रव देण्यात आला. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तीस दिवसांनंतर औषध मिळालेल्यांपैकी १४.७ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १७ टक्के रुग्ण हयात होते. हा फरक योगायोगाचाही असू शकेल; परंतु लाभ दिसला नाही. मेंदूतील रक्तस्राव मात्र ०.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर गेला. म्हणून हे औषध सरसकट दिले जात नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पायाच्या शिरेतील गुठळी फुप्फुसात जाऊन हृदय थांबल्याचे निदान वा प्रबळ शंका असल्यास डॉक्टर हे औषध देऊ शकतात. त्यानंतर परिणाम दिसण्यासाठी ६० ते ९० मिनिटे छातीदाब चालू ठेवण्याचा विचार करावा लागतो. थकलेले हात बदलावयास तेवढी प्रशिक्षित माणसे हजर असावी लागतात.

आम्ही हिशेबाची माणसे. या हिशेबात इंजेक्शन मोजक्या रुग्णांच्या कामी येते. तत्काळ छातीदाब मात्र प्रत्येकास लागतो आणि योग्य रुग्णास वेळेवर दिलेला विजेचा झटका तारतो. म्हणून देणगीदारांनी औषधाइतकेच प्रशिक्षणासही साहाय्य करावे आणि प्रत्येक कुटुंबातील एकाने तरी छातीदाब शिकून घ्यावा, ही नम्र विनंती. ज्यांचे आप्त वाचू शकले नाहीत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते : इंजेक्शन न देणे म्हणजे प्रयत्नांत कसूर करणे नव्हे.