पेपर चालतो कुणाच्या पैशावर?

आत्या छत्तीसगढमधल्या सुपेल्यात राहते. रायपूरच्या एका हिंदी दैनिकात तिने बरीच वर्षं उपसंपादक म्हणून काम केलं. भाची दुर्गच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, आणि पेपर हिंदीच. त्यातूनच हे बोलणं निघालं.

भाची : आत्या, कॉलेजात जो तो म्हणतो, पेपरवाले सगळे विकले गेलेत. आमच्याकडच्या पेपरचं अख्खं पहिलं पान परवा सरकारी जाहिरातीने भरलेलं होतं. मग असं म्हणण्यात चूक काय?

आत्या : चूक नसेलही, पण त्याने हाती काही लागत नाही. पैसा कुणाचा, तो कुठल्या वाटेने येतो आणि त्याच्यामुळे नेमकी कुठली बातमी अडते, हे कळायला हवं. पेपर आण आणि शेवटच्या पानाच्या तळाची बारीक ओळ वाच.

भाची : मुद्रक, प्रकाशक, कुठल्या प्रेसमध्ये छापलं, संपादक कोण... ही ओळ मी आजवर वाचलीच नव्हती.

आत्या : ती १८६७ च्या कायद्याने आली. मजकूर खटकला तर कुणाला पकडायचं, हे इंग्रज सरकारला माहीत हवं होतं. तो कायदा थेट २०२३ मध्ये बदलला आणि नवा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पण माझ्या मते खरी कामाची चीज वेगळीच आहे. १९५६ च्या नियमांनी प्रत्येक पेपरला फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापायला लावलं. एक टक्क्याहून जास्त भांडवल ज्यांचं, त्यांची नावं त्यात द्यावी लागायची. मार्चच्या सुरुवातीला कुठल्या तरी कोपऱ्यात 'फॉर्म ४' असा मथळा दिसायचा. आम्ही डेस्कवरची माणसंसुद्धा तो ओलांडून पुढे जायचो.

भाची : नावं कळली तरी मी त्यांचं काय करणार?

आत्या : त्या नावांचे बाकीचे धंदे बघायचे. आपल्या शेजारचंच घे. जामुलचा एसीसीचा सिमेंट कारखाना इथून किती लांब आहे? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एसीसी अदानी समूहाकडे गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एनडीटीव्हीचे बहुसंख्य शेअर त्याच समूहाकडे गेले. सरगुजाच्या हसदेव अरण्यातली परसा पूर्व–केते बासन कोळसा खाण राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीची, पण ती चालवतो हाच समूह. आता हसदेवच्या झाडतोडीची बातमी त्या वाहिनीवर आली किंवा नाही आली, तर बघणाऱ्याला हा संबंध ठाऊक असायला नको का? बातमी दाबलीच जाते असं मी म्हणत नाही. बघणाऱ्याला माहीत असावं, एवढंच म्हणते.

भाची : हे फक्त मोठ्या उद्योगपतींचंच झालं.

आत्या : उलटही असतं, म्हणजे पेपरवालाच उद्योगपती होतो. दैनिक भास्कर घरोघर येतो ना? त्याच समूहातल्या डीबी पॉवरने जांजगीर–चांपा जिल्ह्यात १२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प उभा केला. विजेला कोळसा लागतो, जमीन लागते, पाणी लागतं, आणि प्रत्येकासाठी सरकारची सही लागते. आता दुसरी बाजू बघ. २०२१ मध्ये कोविडचे मृत्यू आणि गंगेत वाहणारी प्रेतं याच भास्करने धाडसाने छापली. जुलैमध्ये समूहावर आयकराचे छापे पडले. सरकारचं म्हणणं, तपास करचुकवेगिरीचा आहे, त्याचा बातम्यांशी संबंध नाही. ते खरं धरलं, तरी दहा धंदे असलेल्या मालकाची शेंडी दहा खात्यांच्या हातात असते, हे उरतंच. म्हणून मालकाचा पक्ष कोणता यापेक्षा त्याच्या किती फायली कुठे अडकल्यात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

भाची : मग साधा कायदा करावा. ज्याचा कारखाना, त्याला पेपर नाही.

आत्या : २०१४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जवळपास तशीच शिफारस केली होती. राजकीय पक्षांना माध्यमांत शिरू देऊ नये, उद्योगसमूहांवरही बंधनं घालावीत. ती शिफारस तशीच पडून राहिली. आणि एक सांगते, मालकशाहीला आळा घालायला म्हणून केलेला कायदा नेमका कुणाच्या मुळावर आला होता, माहीत आहे? पुण्याच्या 'सकाळ'च्या.

भाची : 'सकाळ' तेव्हा साखळीचा पेपर होता?

आत्या : अजिबात नाही. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये काढलेला, स्वतःच्या वाचकांवर उभा असलेला पेपर होता. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली पहिला प्रेस आयोग नेमला गेला. त्याने १९५४ च्या अहवालात म्हटलं की मोठे पेपर जास्त पानं स्वस्तात देतात आणि छोट्यांना मारतात, तेव्हा किंमत आणि पानं यांचं प्रमाण ठरवून द्या. हेतू चांगलाच होता. १९५६ मध्ये कायदा झाला, १९६० मध्ये आदेश निघाला. 'सकाळ' सात नव्या पैशांत आठवड्याला ३४ पानं देत होता. आदेशानुसार त्या किमतीत २४ च देता येणार होती. म्हणजे पानं तोडा नाहीतर किंमत वाढवून वाचक गमवा. जाहिरातींच्या जागेवरही बंधन येणार होतं. परुळेकर सुप्रीम कोर्टात गेले.

भाची : आणि जिंकले?

आत्या : २५ सप्टेंबर १९६१ ला. निकाल न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला. सरकार म्हणत होतं, आम्ही फक्त धंद्याचं नियमन करतोय, विचारांना हात लावलेला नाही. कोर्टाने ते मानलं नाही. पेपर किती लोकांपर्यंत पोचतो, त्यात किती मजकूर मावतो, हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, आणि जनहिताच्या नावाखाली त्याला कात्री लावता येत नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पण त्याने राजाध्यक्षांचा प्रश्न सुटला नाही, हेही मान्य केलं पाहिजे. मोठा मालक छोट्याला गिळतो तो गिळतोच.

भाची : तू दोन्ही बाजूंनी बोलतेस. सरकारने लक्ष घालावं की नाही?

आत्या : मालकी उघड करायला लावावी, हवी तितकी कडक. कुणाचं कर्ज आहे, कुणाची जाहिरात किती आहे, सगळं. पण काय छापायचं ते त्याच्या हाती देऊ नये. आणीबाणी आठव. २५ जून १९७५ च्या रात्री ती आली, आणि काही दिवसांतच माहिती व प्रसारण खातं विद्याचरण शुक्लांकडे गेलं. ते आपल्या रायपूरचे खासदार. बातम्या सेन्सॉरकडे तपासायला जाऊ लागल्या. २८ जूनला इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था झाली. प्रेस कौन्सिल गुंडाळली गेली, ती परत यायला १९७९ उजाडलं. हे सगळं पाठ्यपुस्तकात मिळेल. पण १९७७ च्या श्वेतपत्रिकेत आणखी एक गोष्ट बाहेर आली. सरकारने पेपरांची मित्र, शत्रू आणि तटस्थ अशी वर्गवारी केली होती आणि जाहिराती त्याप्रमाणे वाटल्या होत्या.

भाची : सेन्सॉर गेला, जाहिराती राहिल्या.

आत्या : तेच. राज्य छोटं, मोठे खासगी जाहिरातदार मोजके. मग जनसंपर्क विभागाची जाहिरात म्हणजे पगाराचा आधार होऊन बसते. सरकार कुठल्याही पक्षाचं असो. मी डेस्कवर असताना 'ही बातमी छापू नका' असं मला कुणीही सांगितलं नाही. 'आज जागा नाही' असं सांगायचे. दुसऱ्या दिवशी ती शिळी झालेली असायची. तिसऱ्या महिन्यापासून मी स्वतःच तसली बातमी पुढे पाठवेनाशी झाले, आणि ते मला आजही बोचतं.

भाची : पण सरकारचाही पैसा नको, कारखान्याचाही नको, असा पेपर इथे कधी निघालाच नाही?

आत्या : निघाला, आणि तोही मराठी घरातल्या माणसाने काढला. माधवराव सप्रे. १९०० च्या जानेवारीत त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. सोबत रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, आणि मासिक हिंदी, कारण वाचक हिंदीचा होता. पेंड्रा म्हणजे तेव्हा किती आडबाजूचं गाव! तरी पुस्तकांची परखड परीक्षणं, लेख, गोष्टी, सगळं दर्जेदार. मागे ना संस्थानिक, ना शेठ. तीन वर्षं तोटा सोसला आणि १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडलं.

भाची : सरकारने बंद केलं नाही?

आत्या : नाही, ग्राहक कमी पडले. सरकारचा हात नंतर आला. १९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' काढला, टिळकांचे विचार हिंदीत नेण्यासाठी. १९०८ च्या जूनमध्ये टिळकांना अटक झाली, ऑगस्टमध्ये सप्र्यांना, तोच राजद्रोहाचा आरोप. घरच्यांच्या दबावापुढे त्यांनी माफीनामा दिला आणि सुटले. त्याचं शल्य त्यांना वर्षानुवर्षं होतं; ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, दासबोध हिंदीत आणला, पुढे टिळकांचं 'गीतारहस्य'ही. त्या माफीवरून त्यांना भित्रा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एकट्या संपादकामागे ना संस्था, ना पैसा, ना वकिलांची फौज. तो किती ताणणार? १९१० चा प्रेस कायदा तर हेच हेरून आला. छापखान्याकडून आधीच जामीन रक्कम ठेवून घ्यायची आणि मजकूर आवडला नाही की जप्त करायची.

भाची : आता यूट्यूबवर छापखानाच लागत नाही. मुकेश चंद्राकरांचं 'बस्तर जंक्शन' मी बघायचे.

आत्या : खर्च कमी झाला, धोका नाही. बिजापूरच्या त्या मुलाने २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातल्या जवानाला सोडवून आणण्याच्या कामात भाग घेतला होता. गंगालूरच्या रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार बातमीत आला. १ जानेवारी २०२५ ला तो गायब झाला आणि ३ तारखेला एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्याचं प्रेत सापडलं. ठेकेदाराला अटक झाली. टाकीवरचं सिमेंट ताजं आहे, हे बिजापूरच्या पत्रकारांनीच हेरलं होतं.

भाची : पण पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे झालाय ना?

आत्या : २०२३ च्या मार्चमध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केलं. नोंदणी, समिती, तक्रारीची सोय. हवंच होतं ते. पण तालुक्याच्या बातमीदाराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, बातमीमागे थोडे पैसे मिळतात आणि जाहिरात आणली तर कमिशन. तालुक्यात जाहिरात देणारे कोण? सरपंच, शाळावाले, आणि रस्त्याचे ठेकेदार. दिवाळीत ज्याच्या दारात शुभेच्छांची जाहिरात मागायला उभं राहायचं, त्याच्याच रस्त्यातली खडी जानेवारीत मोजायची. मुकेशबद्दल मी हे म्हणत नाही. त्याच्यासारखे शेकडो आहेत, त्यांच्याबद्दल म्हणते. मालकाचा पैसा, सरकारची जाहिरात, हे सगळं ओघळत शेवटी त्या मुलाच्या मोटरसायकलपाशी येतं.

भाची : मग त्याला पगार कुणी द्यायचा?

आत्या : आपण खर्चापेक्षा कितीतरी कमी पैशांत पेपर मागतो ना, मधले पैसे कोण भरतो हे न विचारता? त्याचा पगार तिथे अडलाय.