बंद पडलेली डिझेल पिकअप : चावी फिरवण्याआधीचा हिशेब

शारजाच्या औद्योगिक भागात किंवा अबुधाबीच्या मुसफ्फात गोदामांच्या मागे वर्षानुवर्षं धूळ खात उभ्या असलेल्या पिकअप दिसतात. कुणाचा धंदा कोविडच्या काळात बसला, कुणी गावी गेला तो परतलाच नाही. मित्सुबिशी एल-200 किंवा टोयोटा हायलक्सचं जुनं डिझेल इंजिन दणकट, म्हणून 'बॅटरी टाकली की चालू होईल' असं वाटतं. कधी होतेही. पण चार-पाच वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सरळ स्टार्टर मारणं, हाच सगळ्यांत महागात पडणारा मार्ग आहे.

सुरुवात कागदांपासून करा. त्याला जवळजवळ काही लागत नाही. मुल्कियाची (नोंदणीपत्राची) तारीख, गाडीवरचे दंड, सालिक टोलची थकबाकी, बँकेचा बोजा हे सगळं मोबाइलवर किंवा तसजील केंद्राच्या काउंटरवर कळतं. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ट्रेड लायसन्स चालू आहे का ते बघा. मालक भारतात असेल, तर मुखत्यारपत्र आणि त्याच्या साक्षांकनाचा खर्च वेगळा धरा. इथेच घोडं अडलं, तर पाना हातात घेण्यात अर्थ नाही.

गाडी गॅरेजला रिकव्हरी ट्रकवरच न्या. शहरात 150 ते 250 दिरहम पडतात. मुदत संपलेल्या मुल्कियावर रस्त्यावर आलात तर 500 दिरहम दंड, 4 ब्लॅक पॉइंट आणि 7 दिवस जप्तीची तरतूद आहे.

आता इंजिन. मेकॅनिकला पहिलं काम सांगायचं ते असं : क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून दाखव. फिरत नसेल तर जोर करू द्यायचा नाही. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, एक रात्र थांबायचं. तरीही हललं नाही तर हेड उघडावं लागेल, आणि मग सगळा हिशेबच बदलतो. हाताने फिरलं, तरी टायमिंग बेल्ट बदलल्याशिवाय स्टार्टर मारू नका. एल-200 चं 4डी56 इंजिन काय किंवा हायलक्सची जुनी 2एल, 3एल, 5एल इंजिनं काय, सगळी बेल्टवर चालतात. इथल्या उन्हाळ्यात रबर वाळून तडकतं, आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच करून घ्या, कारण खोलण्याची मजुरी एकदाच लागते. सगळं मिळून 700 ते 1,000 दिरहम धरा.

खरी गोम डिझेलमध्ये आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्ध्या टाकीत पाणी धरतं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळा चिकट गाळ तयार होतो. त्यावर ताजं डिझेल ओतलं तर तो गाळ ढवळून थेट पंपाकडे जातो. म्हणून टाकी खाली उतरवून धुवा, फिल्टर आणि रबरी पाइप नवे घाला, मग हातपंपाने हवा काढा. याला 400 ते 600 दिरहम लागतात, आणि इथे काटकसर करू नका. जुन्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. वर्षानुवर्षं कोरडा राहिल्यावर त्याचे सील आकसतात आणि ताजं डिझेल आल्यावर गळू लागतात. ओव्हरहॉलला 800 ते 1,500 दिरहम लागू शकतात. कॉमनरेल इंजिन असेल, तर नोझल आणि हाय-प्रेशर पंपाचा खर्च याच्या कितीतरी पुढे जातो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी ऑइल बदलायचं, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढायची आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसतं फिरवायचं. स्टार्टिंग स्प्रेला साफ नकार द्या. हीटर प्लगच्या इंजिनात तो भडकून पिस्टन फोडू शकतो. टर्बो असेल तर एअर इनटेकपाशी एक माणूस सपाट फळी घेऊन उभा ठेवा. सील गेलेला टर्बो इंजिनाला स्वतःचंच ऑइल पाजतो, मग चावी काढली तरी ते थांबत नाही, हवा तोडावी लागते. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून बघा. तिथून धुराचे भपकारे येत असतील, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन असेल, तर रिंगा गेल्या आहेत.

बाकीचा खर्च ठरलेला. बॅटरी 300 ते 400. ऑइल आणि फिल्टर 150 ते 250. कूलंट, होस, पट्टे 300 ते 400. ब्रेकचे सिलिंडर, शूज आणि क्लचचं हायड्रॉलिक 500 ते 800. चार टायर 1,000 ते 1,600. टायरवरची नक्षी शाबूत दिसली तरी फसू नका. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, आणि पाच वर्षांवरचा टायर पासिंगमध्ये अडकतो. रिकव्हरी, बेल्ट आणि टाकीसकट हे साडेतीन ते सव्वापाच हजारांच्या घरात जातं. पंप आणि एसी यात नाहीत, आणि 5 टक्के व्हॅटही वेगळा. हे आकडे मजुरीसह अंदाजाचे आहेत, गॅरेजागणिक फरक पडेल. जुलैत माल वाहायचा असेल तर एसी ही चैन नव्हे, तेव्हा त्यालाही 300 ते 1,200 बाजूला ठेवा.

पासिंग, विमा आणि नूतनीकरण मिळून आणखी दोन हजारांच्या आसपास. विमा 13 महिन्यांचा असतो, म्हणून पासिंग हाती आल्यावरच काढा. गाडी नापास झाली तर विम्याचे दिवस गॅरेजमध्ये उभ्यानेच जातात. पासिंगमध्ये ब्रेक, दिवे, स्टिअरिंग आणि धूर यांच्याबरोबर चासीही बघतात. चासी गंजून पोखरली असेल तर एक दिरहमही घालू नका, गाडी स्क्रॅपला द्या.

थांबायचं कुठे? तशाच वर्षाची चालू पिकअप बाजारात कितीला मिळते ते आधी विचारा. सगळा खर्च त्या किमतीच्या अर्ध्यावर गेला, तर माझं मत विकण्याचं. रिंगा गेल्या असतील तर जुनं इंजिन उघडण्यापेक्षा शारजाच्या जुन्या पार्टच्या बाजारातून अख्खं इंजिन आणणं पुष्कळदा स्वस्त पडतं. मात्र मुल्कियावर इंजिन नंबर असतो, त्यामुळे खरेदीची पक्की पावती घ्या आणि बदलाची नोंद करून घ्या.

गॅरेजशी बोलताना टप्प्याटप्प्याचा अंदाज लिहून मागा : इंजिन हाताने फिरेपर्यंत इतके, चालू होईपर्यंत इतके, पासिंगपर्यंत इतके. प्रत्येक टप्प्याला तुमचा होकार, आणि काढलेले जुने पार्ट तुमच्या हातात. गाडी रस्त्यावर आल्यावर पहिल्या हजार किलोमीटरमध्ये डिझेल फिल्टर पुन्हा बदला, कारण कितीही धुतली तरी टाकी थोडा गाळ सोडतेच. तोवर गाडीवर पूर्ण माल लादू नका आणि रोज सकाळी रेडिएटरचं पाणी बघा.