बत्तीस निबंध, एकतीस फाइली



अनेक फाइलींचा आकार कमी करून त्या एकत्र बांधण्याची जी रीत, तीस झिप म्हणतात. अमेरिकेंतील फिल कॅट्झ यांनीं ती १९८९ सालीं प्रसिद्ध केली. हें गाठोडें एका संगणकावर बांधावें व दुसऱ्यावर सोडावें, इतकें तें सोपें. परंतु दोन्ही संगणकांच्या प्रणाली भिन्न असल्या म्हणजे काय घडतें, तें मीं अनुभवानें शिकलों.

माझ्या वर्गाचे बत्तीस निबंध लिनक्स प्रणालीच्या संगणकावर गोळा झाले. स्क्रिप्टनें, म्हणजे संगणकास लिहून दिलेल्या आज्ञांनीं, त्यांचें गाठोडें बांधलें. मीं तें विंडोज प्रणालीवर सोडलें, तों फाइली एकतीसच ! एका विद्यार्थिनीचा निबंध नव्हता. “मी दिला होता, सर,” असें ती वारंवार सांगे; मीं मात्र तिला आळशी ठरविलें.

पुढें मन स्वस्थ बसेना. झिपमध्यें प्रत्येक फाइलीच्या मजकुराचा ताळा नोंदलेला असतो. तो पडताळून पाहिला, तर बिघाड कोठेंच नाहीं. मग गाठोडें न सोडतां आंतील यादी वाचली. नांवें बत्तीस ! वर्गांत एकाच नांवाच्या दोघी मुली. एकीनें फाइलीचें नांव इंग्रजी मोठ्या अक्षरानें आरंभिलें होतें, दुसरीनें लहान. लिनक्स हीं नांवें भिन्न मानतें. विंडोज सामान्यतः एकच समजतें. “जुनी फाइल बदलूं काय ?” असें संगणकानें विचारलें होतें, मीं न वाचतांच होकार दिला होता.

अशा वेळीं आणखी तीन गोष्टी पाहाव्या :

(१) झिपची मुख्य यादी शेवटीं असते. म्हणून वाटेंत तुटलेलें गाठोडें बहुधा उघडत नाहीं. आकार मूळ प्रतीशीं ताडावा.

(२) फोल्डर व फाइल यांच्या नांवांमध्यें पुढें झुकलेली तिरपी रेघ असावी, असा नियम आहे. विंडोजवरील कांहीं जुन्या स्क्रिप्टी उलटी रेघ घालतात. मग इतरत्र फोल्डर न होतां लांबलचक नांवाच्या फाइली निघूं शकतात.

(३) नांवें युनिकोडमध्यें असल्याची खूण झिपच्या नियमांत २००६ सालीं आली. स्क्रिप्टनें ती न लिहिल्यास देवनागरी नांवांच्या जागीं विचित्र चिन्हें दिसतात. आंतील मजकूर बहुधा शाबूत असतो.

तो निबंध वेगळ्या फोल्डरांत सोडतांच मिळाला. मीं भर वर्गांत त्या मुलीची क्षमा मागितली. आतां प्रत्येक फाइलीच्या नांवांत हजेरी क्रमांक असतो, आणि मूळ गाठोडें मी कधींहि पुसून टाकीत नाहीं. मुलांनो, यादी मोजल्याविना कोणासहि दोष देऊं नका.