बाक एक, फी तीन

माझा मुलगा ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो त्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण त्याला तिथूनच डिग्री घेऊन बाहेर पडायचंय. ज्यानं ही ॲडमिशन ‘करून दिली’ त्या काउन्सेलरचंही लिहिणार नाही. बाकीचं मात्र सगळं लिहिणार आहे. कारण दिवाळीला घरी जमलेल्या प्रत्येकानं मला एकच वाक्य ऐकवलं : “तू पतसंस्थेत हिशेब लिहितेस, आणि तुला कळलं नाही?” कळत होतं. विचारलंही होतं, तेही लेखी. “यात ईबीसी शिष्यवृत्ती मिळेल ना?” हा माझा मेसेज आणि त्याखाली आलेलं “१०० टक्के ताई, टेन्शन नका घेऊ” हे उत्तर, पुढे अंगठ्यासकट, आजही माझ्या फोनमध्ये आहे.

हा काउन्सेलर माझ्या दिरांच्या ओळखीतला. “पोराच्या चार वर्षांचा प्रश्न आहे वहिनी, जाणकार माणूस पाहिजे,” असं म्हणून त्यांनीच आम्हाला त्याच्या ऑफिसात नेऊन बसवलं. एसी, भिंतभर पोरांचे फोटो, टेबलावर पेढ्यांचा उघडा बॉक्स. फॉर्म भरायचे ७,००० रुपये. नोंदणीत मोबाइल नंबर त्यानं स्वतःचा टाकला. मी हटकलं, तर म्हणाला, “ओटीपी कधीही येतात ताई, तुम्हाला कशाला त्रास?” दीर माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मीच त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवला.

मी यादी करून नेली होती. प्रवेश परीक्षा घेणारा राज्याचा सीईटी सेल दरवर्षीचे कटऑफ जाहीर करतो. मागच्या वर्षीचे काढून, मुलाचे ९१ पर्सेंटाइल समोर ठेवून मी वहीत कॉलेजं लिहिली होती. कराडचं शासकीय, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस ही वरती. ती अवघड आहेत हे मलाही दिसत होतं, पण स्वप्न म्हणून. मग छत्रपती संभाजीनगर, अमरावती, अवसरी. त्याखाली जळगाव, यवतमाळ, चंद्रपूर, लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, जे मिळेल ते. शेवटी घराजवळची तीन खासगी, त्यांच्या फीसकट. काउन्सेलरनं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, “परफेक्ट. तुम्हीच हा धंदा सुरू करा की ताई.”

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसरीत नाही. तिसरीतही नाही. “यंदा कटऑफ फार वर गेलंय,” हे त्याचं उत्तर. आणि मग एका संध्याकाळी अगदी आवाज खाली आणून : “संस्था स्तरावरची एक सीट धरून ठेवलीय. कम्प्युटर! फी तीच, स्कॉलरशिप तीच, फक्त दार वेगळं.” संस्था स्तरावरची म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती. माझा तो मेसेज या संध्याकाळचाच.

कॉलेजात पैसे भरताना खिडकीवरच्या माणसानं फीशिवाय आणखी २५,००० रोख मागितले. मी म्हटलं, पावती द्या. तो हसला. मी म्हटलं, पावती नसेल तर देणार नाही, कॅपिटेशन फीला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. तो आत गेला, बराच वेळ आला नाही, आणि आला तो ‘कौशल्य प्रशिक्षण’ असं लिहिलेली पावती घेऊनच. त्या प्रशिक्षणाचा एक तासही अजून झालेला नाही. पण पावती आहे.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायची वेळ आली तेव्हा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या बाईंनी फाइल उघडली, एक पान उलटलं आणि चष्मा वर सरकवून म्हणाल्या, “मॅडम, याचं ॲडमिशन कॅपमधून नाही. याला ईबीसी लागत नाही.” मी मेसेज दाखवला. त्यांनी तो वाचला, फोन परत दिला. “हे आम्ही लिहिलेलं नाही ना,” एवढंच म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे सगळे जिला ईबीसी म्हणतात ती, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना शिकवणी शुल्काचे निम्मे पैसे देते; पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला तरच. ही अट योजनेच्या नियमांतच लिहिलेली आहे. काउन्सेलर मात्र फोनवर म्हणाला, “नियम बदलला बहुतेक.”

तिथपर्यंतही मी त्याला अडाणी समजत होते. तो लबाड आहे हे कळलं ते नंतर. मुलानं सुविधा केंद्रात जाऊन, ओळखपत्र दाखवून, नोंदणीतला मोबाइल नंबर बदलून घेतला आणि भरलेल्या ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची, प्रिंट आणली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी एका बाजूला वहीचं पान ठेवलं, दुसऱ्या बाजूला ती प्रिंट. पहिला पर्याय पुण्याचं सीओईपी, कम्प्युटर. दुसरा मुंबईचं व्हीजेटीआय, कम्प्युटर. त्याखाली पुण्या-मुंबईतलीच नावाजलेली खासगी कॉलेजं, सगळीकडे कम्प्युटर नाहीतर आयटी. जिथे ९८-९९ पर्सेंटाइलवाली मुलं रांगेत उभी असतात तिथे ९१. अमरावती नाही, जळगाव नाही, चंद्रपूर नाही. घराजवळची ती तीन खासगीसुद्धा नाहीत. पानभर फॉर्ममध्ये माझ्या वहीतलं एकही नाव नव्हतं.

म्हणजे कटऑफ वर गेलं नव्हतं. काहीही लागू नये अशाच बेतानं फॉर्म भरला होता. कॅपमधून सीट लागली तर काउन्सेलरच्या हाती काय पडणार? संस्था स्तरावर पोरगं नेऊन सोडलं की कॉलेजकडून त्याचं ‘बघितलं’ जातं. हे मला त्याच कॉलेजातल्या एका शिपायानं सांगितलं, तेही न विचारता. जाब विचारायला गेले तर काउन्सेलरसाहेब म्हणाले, “तुमच्या मुलालाच पुण्याला जायचं होतं.” मुलगा समोर उभा होता. आणि दीर? ते म्हणाले, “जाऊ द्या वहिनी, कम्प्युटर तर मिळालं ना.”

कम्प्युटर मिळालं. आता हिशेब ऐका. शिकवणी शुल्क १,२०,००० आणि विकास शुल्क १२,०००. माझ्या मुलाच्या बाकावर तीन जण बसतात. एक लातूरकडचा, टीएफडब्ल्यूएसमधून, म्हणजे शुल्कमाफीच्या जागेवर आलेला. त्याला शिकवणी शुल्क नाहीच, वर्षाला १२,००० भरतो. दुसरा ईबीसीवाला; त्याला ७२,००० पडतात. तिसरा आमचा, १,३२,०००. मास्तर तेच, लॅब तीच, पंखाही तोच. ईबीसीच्या हिशेबानं बघितलं तरी वर्षाला ६०,००० आणि चार वर्षांचे २,४०,००० त्या एका अंगठ्यानं गेले. स्वस्त कॉलेज कुठलं, असं लोक विचारतात. कॉलेज स्वस्त-महाग नंतर असतं. आधी बघा, तुम्ही कुठल्या दारानं आत जाताय.

म्हणून आता ज्यांची मुलं बारावीला आहेत त्यांच्यासाठी.

लॉगिन, पासवर्ड, मोबाइल नंबर, ईमेल हे चारही आपले. काका असो, मामा असो, सर असोत, कुणाचेही नाहीत. फॉर्म लॉक करताना स्क्रीनसमोर मूल स्वतः बसलं पाहिजे आणि लॉक झाल्या झाल्या प्रिंट घरात आली पाहिजे. सुविधा केंद्रात माहिती आणि कागदपत्रांची तपासणी होते. त्यासाठी ७,००० घेणाऱ्याची गरज नाही.

ऑप्शन फॉर्ममध्ये जागेची टंचाई नसते. वरचे थोडे स्वप्नाचे, मधले आवाक्यातले, खालचे नक्की लागतील असे; भरपूर भरा. क्रम मात्र मनापासून लावा. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या : पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो पक्का, दुसरीत पहिल्या तिनांपैकी लागला तर पक्का, तिसरीत पहिल्या सहांपैकी. नको असलेलं नाव उगाच वर टाकलंत तर तेच गळ्यात पडतं. हे नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा. कंटाळवाणी असते, पण वाचा.

टीएफडब्ल्यूएस हा शब्द पाठ करा. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या ५ टक्के जास्तीच्या जागा, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना, गुणवत्तेवर, शिकवणी शुल्क माफ. जात-प्रवर्गाचा संबंध नाही. पण अर्ज भरतानाच त्याला होकार द्यावा लागतो, आणि ऑप्शन फॉर्ममध्ये या जागेचा कोड वेगळा असतो. साधा कोड टाकून बसलात तर तुमचा विचारच होत नाही. आमच्या काउन्सेलरनं हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

कुठल्या खासगी कॉलेजची फी किती, हे कॉलेजच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मंजूर फी असते, शिकवणी आणि विकास वेगवेगळे. ईबीसी विकास शुल्कावर मिळत नाही, हे तिथे बघताना लक्षात ठेवा. आणि ईबीसीला पात्र मुलाकडून कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागायची नसते, निम्मी घ्यायची असते. मागतात. तेव्हा लेखी मागा म्हणावं.

शासकीय कॉलेज लांब आहे म्हणून सोडू नका. चंद्रपूरला जायला रेल्वे आहे. जुन्या शासकीय कॉलेजांची फी साधारण खासगीच्या निम्म्याहूनही कमी पडते, आणि कंपन्यांना त्यांची नावं माहीत असतात. कराडचं १९६० चं, अमरावतीचं १९६४ चं. पुण्याच्या उपनगरात परवा उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीपेक्षा ते कधीही बरं. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र फीइतकाच धरून चाला. पुण्यात खोली आणि मेस मिळून फीला मागे टाकतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्यालाही अट कॅपचीच. बघा, सगळी गाडी तिथेच येऊन थांबते.

मुलगी असेल तर तुम्ही नशीबवान. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या ८ लाखांच्या आत उत्पन्नाच्या मुलींना २०२४-२५ पासून शिकवणी आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे, आणि हो, त्यांनीही कॅपमधूनच यायचंय. उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस दाखला मे महिन्यातच तहसीलमध्ये टाका. निकाल लागल्यावर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

कर्ज काढावं लागलं तर बँकेत जाऊन साहेबांच्या मूडची वाट बघत बसू नका. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाका. ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारची हमी योजना आहे, तारण मागायचं कारण नाही. “घराचा उतारा आणा” असं म्हणणारा साहेब भेटला तर “हे मला लिहून द्या” म्हणा. ‘लिहून द्या’ या शब्दांनी महाराष्ट्रातली निम्मी कामं होतात, हा माझा अनुभव.

अंतिम मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर कॉलेजनं १,००० रुपये कापून बाकीची फी परत द्यायची असते, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नसतात. आमच्या बाबतीत मुदत उलटून गेली होती, कारण शिष्यवृत्तीचा प्रश्न निघाला तोच उशिरा. काहीही खटकलं तर मुदतीच्या आत हला. प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे मी अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. पण काउन्सेलर हा कुठल्याच कॉलेजचा नोकर नाही, त्यामुळे त्याला विचारणार कोण, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर येत नाही.

आणि दहावीलाच ठरवता येत असेल तर शासकीय तंत्रनिकेतनचा डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिग्रीचं एक वर्ष वाचतं. धाकटीला आम्ही तिकडेच घातलंय. तिचा फॉर्म तिनं भरला, मी शेजारी बसले, आणि दिरांना पेढे देतानाच ही बातमी सांगितली.

यंदा जूनमध्ये त्याच काउन्सेलरचा फोन आला. “ताई, पतसंस्थेत लोक येतात ना तुमच्याकडे? बारावीची पोरं असतील तर पाठवा, तुमचंही बघू.” मी म्हटलं, हेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. त्यानं फोन ठेवला. तुम्हीही कुणाला ७,००० देण्याआधी एवढंच करा : “प्रवेश कॅपमधून होईल, टीएफडब्ल्यूएसचा पर्याय भरला जाईल, ऑप्शन फॉर्मची प्रिंट त्याच दिवशी मिळेल” हे तीन मुद्दे त्याच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह मागा. सही करणारा क्वचितच भेटेल. मग ते ७,००० मेसच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी ठेवा.